ऑडिशनसाठी विसाव्या शतकातला पियानो पीस कोणता घ्यावा?

रामदासपेठची_पोर · १० मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, आता बारावीत. पुढे पियानोच शिकायचं हे घरी बऱ्याच वादावादीनंतर मान्य झालंय. इंग्लंडमधल्या दोन आणि जर्मनीतल्या एका संगीत विद्यालयाला अर्ज करणार आहे. प्रोग्रामचा बाकीचा भाग ठरलाय:

बाख, वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर भाग १, बी फ्लॅट मेजर प्रील्यूड आणि फ्यूग
बीथोव्हेन, सोनाटा ओपस ३१ नं. २, पहिली मूव्हमेंट
शोपाँ, एट्यूड (तंत्र दाखवणारा पीस) ओपस २५ नं. १२
ब्राम्स, इंटरमेझो ओपस ११८ नं. २

गाडी अडलीय ती 'मॉडर्न' पीसवर. एका विद्यालयाचा नियम म्हणतो १९०० नंतरचा, दुसऱ्याचा १९४५ नंतरचा, तिसऱ्याला विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातला काहीही चालेल. माझी यादी अशी: प्रोकोफिएव्हचा तिसरा सोनाटा, जिनास्तेराचे 'दान्सास आर्जेन्तिनास', बार्टोकचा सुइट ओपस १४, मेसियांचा एखादा प्रील्यूड, आणि हिंमत झालीच तर लिगेतीचा 'फाँफार' एट्यूड.

सरांना प्रोकोफिएव्ह हवाय. मला मेसियां आवडतो. सर म्हणतात, मेसियां वाजवलास तर परीक्षक झोपतील.

घरी डिजिटल पियानो आहे, ८८ वेटेड कीजचा. सरांकडे जुना अपराइट (उभा पियानो). ग्रँडवर (आडव्या, मोठ्या पियानोवर) फारच क्वचित हात पडतो. हाताचा आवाका म्हणाल तर ऑक्टेव्ह आरामात, नववा स्वर कसाबसा. इंग्लंडच्या अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, रेकॉर्डिंग त्यानंतर मागतात. काय करू?

---

धंतोलीचा_काका · १० मे, रात्री १०:०५

बारावीच्या वर्षात हे सगळं? बोर्डाचं काय? बाकी पियानोतलं मला काही कळत नाही, पण शुभेच्छा.

---

बेसूर_नाही_मी · १० मे, रात्री १०:३०

प्रोकोफिएव्ह. डोळे मिटून. एकच मूव्हमेंट, सातआठ मिनिटांत खेळ खल्लास, शेवटाला टाळ्या. आमच्या वेळी सगळे हाच वाजवायचे.

---

जुनी_पट्टी · ११ मे, सकाळी ७:१५

बेसूरदादा, 'सगळे हाच वाजवायचे' हीच तर अडचण आहे की हो.

पोरी, बरीच वर्षं शिकवतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझा प्रोग्राम परीक्षकाच्या खुर्चीत बसून वाच बघू. बीथोव्हेनच्या त्या सोनाटाला लोक 'टेम्पेस्ट' म्हणतात. शोपाँच्या त्या एट्यूडला 'ओशन' म्हणतात. आणि प्रोकोफिएव्हच्या तिसऱ्या सोनाटाच्या पहिल्याच ओळीवर लिहिलंय काय, तर 'अलेग्रो तेम्पेस्तोसो'. वादळ, समुद्र आणि पुन्हा वादळ! डी मायनर, सी मायनर, ए मायनर. मधे बिचारा ब्राम्स एकटा सावलीत बसलाय. प्रोकोफिएव्ह वाईट नाही, उत्तमच आहे. पण तुझी बोटं पळतात आणि जोर लावता येतो हे परीक्षकांना शोपाँमध्येच कळून चुकलेलं असणार. मग त्यात त्यांना नवीन काय सांगशील?

मॉडर्न पीस मागतात तो अवघड काहीतरी ऐकायचं म्हणून नव्हे. अवघडपणा मोजायला एट्यूड आहेच. नेहमीची चाल आणि ओळखीची हार्मनी काढून घेतली, तर हा विद्यार्थी पानावरचं वाचून अर्थ लावू शकतो का, ते त्यांना बघायचं असतं. शोपाँ कसा वाजतो हे तू शंभर रेकॉर्डिंगांतून ऐकलेलं असतं. अनोळखी पीसमध्ये तशी नक्कल करता येत नाही. तिथे तुझा स्वतःचा कान उघडा पडतो.

तेव्हा बाकीच्या चार पीसमध्ये काय नाही, ते आधी शोध. मला दिसतं ते असं: विषम मात्रांची लय नाही, कोरडा बोटांचा आवाज नाही (सगळीकडे पेडल आहेच), विनोद तर कुठेच नाही. ब्राम्समुळे संथपणा आणि गाणं आहे, पण शांतपणे मोजूनमापून वाजवलेलं काही नाही.

या हिशेबाने बार्टोकचा सुइट मला पटतो. १९१६ चा आहे, चार मूव्हमेंट, सगळा मिळून आठनऊ मिनिटांचा. पहिलीत नाचरेपणा आणि थट्टा, तिसरीत डाव्या हाताचा न थांबणारा घोष. ही तिसरी मूव्हमेंट त्याने अल्जीरियात ऐकलेल्या अरबी संगीतावरून सुचलेली आहे. आणि चौथी अगदी संथ, आवाज न चढवता संपते. ऑडिशनला शेवट जोरातच हवा असं कोणी सांगितलंय? बार्टोकने स्वतः वाजवलेलं रेकॉर्डिंग मिळतं, तेही ऐक. त्यातला मोकळेपणा छापील पानावरून कळत नाही.

एकच गोष्ट आडवी येते. तुझं दुसरं विद्यालय १९४५ नंतरचं मागतंय, आणि १९१६ तिथे बसत नाही.

---

एल्बेकाठी · ११ मे, दुपारी १:५०

मूळची पुण्याची, जर्मनीत शिकतेय. इकडच्या प्रवेशपरीक्षेबद्दल थोडं सांगते, कारण भारतातून येणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो.

पहिलं म्हणजे पूर्ण प्रोग्राम कोणीही ऐकत नाही. पंधरावीस मिनिटं मिळाली तरी नशीब. सुरुवात बहुधा तुमच्या पसंतीने होते, नंतर ते निवडतात: फ्यूग ऐकवा, मॉडर्नमधली दुसरी मूव्हमेंट ऐकवा, बस्स, धन्यवाद. मधेच थांबवलं म्हणजे नापास, असं अजिबात नाही. म्हणून मॉडर्न पीस असा हवा की कुठूनही दोन मिनिटं ऐकली तरी त्याचं काही म्हणणं ऐकू येईल. जो पीस पाचव्या मिनिटाला फुलतो, तो फुलायच्या आत घंटा वाजते.

दुसरं, वाजवण्याव्यतिरिक्त थिअरी आणि कानाची परीक्षा असते. स्वरांतरं ओळखा, ऐकलेली चाल लिहून काढा, कॉर्ड सांगा. चांगले वाजवणारे तिथे अडकलेले पाहिलेत.

तिसरं म्हणजे पाठांतर. मॉडर्न पीसला काही ठिकाणी नोट्स समोर ठेवू देतात, काही ठिकाणी नाही. प्रत्येक विद्यालयाचं पान नीट वाच, आणि नियम संदिग्ध वाटला तर सरळ ई-मेल करून विचार. उत्तर देतात.

पैशाबद्दल कोणी विचारायच्या आत सांगते. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यालयांना ट्यूशन फी नाही, फक्त सत्राचं शुल्क. पण बाडेन-व्ह्यूर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहेत. आणि भाषेचं प्रमाणपत्र लागतं, ते आतापासून धर.

---

ठेका_नागपुरी · ११ मे, सायंकाळी ६:२०

राजे हो, मी तबलेवाला माणूस, पियानोतलं मले शष्प समजत नाही. पण बहिणीचं पोट्टं बार्टोकचं 'मिक्रोकॉसमॉस' वाजवून राहिलं आहे, तर त्याच्यापायी त्या बल्गेरियन नाचांशी माही ओळख झाली. सहाव्या भागाच्या शेवटी आहेत, १४८ ते १५३. मात्रांचे गट एकात ४+२+३, एकात २+२+३, शेवटच्यात ३+३+२. पोट्टं मोजता मोजता रडकुंडीले आलतं. म्हटलं, बाप्पा, मोजू नको, बोल म्हण. 'धा धिं ना, धा धिं ना, धा ती' म्हणत हातानं टाळी देल्ली न दोन दिवसांत बसलं.

पण एक सांगून ठेवतो, मंग 'आपला रूपकच तर आहे हा' म्हणत फिराल. रूपक म्हंजे आपला सात मात्रांचा ताल, ३+२+२, त्याची खाली (हलका भाग) समेवरच, ते सारं आवर्तन परत परत येते न त्याच्यावर विस्तार होते. या बार्टोकच्या नाचात खाली-भरी काही नाही. तिथं आघातच मधूनमधून लांब-आखूड होते. बोल मोजायपुरते घ्या, वजन त्याचंच ठेवा. नाही तं पोट्टं सारं झुलवत झुलवत वाजवते.

---

रामदासपेठची_पोर · ११ मे, रात्री ८:५५

जुनी_पट्टी मावशी, तुमचं वाचल्यापासून 'वादळ, समुद्र, वादळ' डोक्यातून जात नाहीये. सरांनाही दाखवलं. ते हसले, पण मान्य काही केलं नाही :)

एल्बेकाठी ताई, थिअरीचं लक्षात ठेवते.

ठेका काका, भारी! ते नाच मी विचारातच घेतले नव्हते. पण तेही १९४५ च्या आधीचेच ना?

---

जुनी_पट्टी · ११ मे, रात्री ९:३०

हो, 'मिक्रोकॉसमॉस' १९२६ ते १९३९ मधला. आणि सहाही नाच एकदम वाजवले तरच ऑडिशनसाठी वजन येतं. सुटा एक घेतला तर परीक्षेचा पीस वाटतो.

---

लाकूड_आणि_तार · १२ मे, सकाळी ११:१०

इथे सगळे संगीतावर बोलताहेत, मी वाद्यावर बोलतो. मी पियानो खोलून बघणारा हौशी माणूस. पोरी, तुझ्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी टाकलंस: घरी डिजिटल, सरांकडे अपराइट, परीक्षा ग्रँडवर.

ग्रँडमध्ये डबल एस्केपमेंट असतं. एरार्डने १८२१ मध्ये काढलेली युक्ती. की पूर्ण वर न येताच हॅमर (तारेवर आपटणारी हातोडी) पुन्हा मारायला तयार असतो. अपराइटमध्ये ती बरीच वर यावी लागते. म्हणून जलद पुनरावृत्तीच्या स्वरांचे पीस, उदाहरणार्थ प्रोकोफिएव्हची टोकाटा ओपस ११, जुन्या अपराइटवर तयार करणं म्हणजे हाताला उगाच शिक्षा. हात ताठरतात, आणि दोष विद्यार्थी स्वतःला देतो.

दुसरं, डावा पेडल. ग्रँडमध्ये तो सगळी यंत्रणा बाजूला सरकवतो, हॅमर एक तार सोडून मारतो, आवाजाचा रंगच बदलतो. अपराइटमध्ये तो हॅमर फक्त तारांजवळ आणतो. आवाज थोडा कमी, रंग तोच. अपराइटच्या मधल्या पेडलचं तर विचारूच नका, बहुतेकांत तो शेजाऱ्यांसाठी, आवाज दाबायला असतो.

तिसरं म्हणजे न वाजवता दाबून धरायच्या कीज. शोनबर्गच्या ओपस ११ मधल्या पहिल्या पीसमध्ये (१९०९) उजव्या हाताने कीज आवाज न करता दाबून ठेवायच्या आणि डाव्याने खालचे स्वर मारायचे, की दाबलेल्या तारा आपोआप गुणगुणतात. खऱ्या पियानोवर अंगावर काटा येतो. पण कित्येक डिजिटलमध्ये त्या जागी शुकशुकाट. जे ऐकूच येत नाही त्याचा रियाज कसा करणार?

मेसियांचं दुखणं यातलंच आहे. पोरीला तो आवडतो ते ठीक. पण त्याच्या प्रील्यूडचं सौंदर्य कॉर्डमधल्या प्रत्येक स्वराचं वजन वेगळं ठेवण्यात, आणि अर्धा पेडल, पाव पेडल यांत आहे. डिजिटलवर जमलेला मेसियां ग्रँडवर गेल्यावर चिखल होतो. परीक्षक झोपणार नाहीत, कपाळाला हात लावतील.

आणि नागपूरकरांसाठी एक स्वतंत्र सूचना. ४५ अंशांत घरोघरी कूलर सुरू आहेत. कूलरचा झोत अपराइटवर जात असेल तर आजच पियानो हलवा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, सूर उतरतो. कूलरने ओल धरली की फुगतं, सूर चढतो. मग जुलैत पाऊस. साउंडबोर्डची (तारांचा आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीची) चार महिन्यांत दोनदा परीक्षा होते, आणि ती बारावीची नसते. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये काटा राहील असं बघा. पावसाच्या सुरुवातीला ट्यूनिंग करू नका, हवा स्थिरावू द्या. आमच्याकडे ट्यूनर बाहेरगावाहून येतो, त्याची तारीख आधी घ्यावी लागते.

---

सदरचा_ऑर्गन · १२ मे, दुपारी ४:००

कूलरच्या मुद्द्याला टाळ्या. आमच्या हॉलमधला पियानो दर जूनमध्ये अर्धा सूर इकडे-तिकडे असतो आणि लोकांना वाटतं वाजवणाराच बेसूर.

---

बेसूर_नाही_मी · १२ मे, दुपारी ४:१२

हा टोमणा मला होता का? :)

---

मनोहर_मनोरे · १२ मे, रात्री १०:४५

मेसियांवर एवढा अन्याय नको. ती भारतीय मुलगी आहे, आणि मेसियांने आपले देशी ताल घेतलेत. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तली १२० देशी तालांची यादी त्याने अभ्यासली. तो शार्ङ्गदेव कुठला, तर आपल्या देवगिरीचा, यादवांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला! महाराष्ट्रातल्या मुलीने तेच वाजवावं. परीक्षकांनाही कळेल की ही वेगळी आहे.

---

एल्बेकाठी · १३ मे, पहाटे १:२०

मनोहर, देवगिरीचं खरं आहे आणि मलाही त्याचं अप्रूप आहे. पण दोन गोष्टी.

प्रील्यूड १९२८-२९ चे आहेत, मेसियां विशीत होता तेव्हाचे. देशी तालांचा त्याचा वापर त्यानंतरचा. प्रील्यूडमध्ये त्याचे 'मर्यादित स्थानांतराचे' मोड (त्याच्या खास स्वरपट्ट्या) ऐकू येतात, डब्यूसीची छाया दिसते, ताल नाहीत. मुलाखतीत 'यात शार्ङ्गदेवाचे ताल आहेत' म्हणाली तर समोरचा माणूस सौम्यपणे विचारेल, कुठे?

आणि भारतीय आहे म्हणून भारताशी दूरचं नातं असलेलं काहीतरी वाजवायचं, हे मला पटत नाही. इथे माझ्यासोबतची जपानी मुलगी ब्राम्स वाजवते तेव्हा तिला कोणी ताकेमित्सु का नाही विचारत नाही. ताकेमित्सुचा 'रेन ट्री स्केच २' १९९२ चा आहे, मेसियांच्याच स्मरणार्थ. तो आवडला तर जरूर घ्यावा, पण आवडला म्हणून.

---

मनोहर_मनोरे · १३ मे, सकाळी ८:३०

ताल नंतरचे हे मान्य. तरी 'वेगळी' दिसण्यात गैर काय? शेकडो अर्जांत लक्षात राहायला काहीतरी खूण लागतेच.

---

जुनी_पट्टी · १३ मे, सकाळी ९:०५

खूण वाजवण्यात दिसू द्या की. अर्जात पासपोर्ट लागतोच, पियानोवर आणखी कशाला ठेवायचा?

---

रामदासपेठची_पोर · १३ मे, दुपारी ३:३०

मेसियां मला तालांमुळे नाही आवडत. आठव्या प्रील्यूडमध्ये, 'वाऱ्यातलं प्रतिबिंब' आहे ना, ते कॉर्ड एकावर एक सरकतात, तिथे रंग बदलल्यासारखं वाटतं. पण लाकूड_आणि_तार काकांचं वाचून मी काल सरांच्या अपराइटवर तो वाजवून पाहिला. घरी जे ऐकू येत होतं ते तिथे नव्हतंच. वेगळंच काहीतरी होतं. म्हणजे घरी मी हेडफोनमधल्या पेडलवर खूश होते.

मग प्रश्न असा उरतो: १९४५ नंतरचा, तिन्ही विद्यालयांना चालेल असा, माझ्या हाताला झेपेल असा, आणि डिजिटलवर तयार केला तरी ग्रँडवर कोसळणार नाही असा काही आहे का? 'फाँफार' १९८५ चा आहे म्हणून बसतो.

---

लाकूड_आणि_तार · १३ मे, सायंकाळी ५:४०

'फाँफार'ला वाद्याची अडचण तितकी नाही. पण त्यात अगदी हळू ते अतिशय मोठा अशा आवाजाच्या पायऱ्या सतत बदलतात, आणि डिजिटलच्या स्पीकरला त्यातल्या निम्म्याच कळतात.

---

जुनी_पट्टी · १३ मे, रात्री ९:५०

'फाँफार' आत्ता नको. त्याचा आठ स्वरांचा घोष ३+२+३ असा पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतो, या हातातून त्या हातात जातो, आणि वर दुसऱ्या हाताने कॉर्डमधली चाल वेगळ्याच वळणाने. ऐकायला मजेशीर, पण पाठ झाल्यावरही घसरतो. पाच महिन्यांत, बारावी सांभाळून, तोही तणावाच्या खोलीत? नाही.

पण संगीतकार बरोबर पकडलास. लिगेतीचंच 'मुझिका रिचेर्काता' बघ. १९५१ ते १९५३, बुडापेस्टमध्ये लिहिलेलं. देशातलं वातावरण असं की असलं काही वाजवणार कोण? पूर्ण संच पहिल्यांदा वाजवला गेला १९६९ मध्ये, स्वीडनमध्ये. अकरा छोटे पीस. पहिल्यात जवळजवळ फक्त 'ए' हा एकच स्वर, वेगवेगळ्या सप्तकांत, आणि शेवटी एकदाच 'डी'. दुसऱ्यात तीन स्वर, तिसऱ्यात चार, असं एकेक वाढवत अकराव्यात बाराही. (दुसरा पीस कुब्रिकच्या १९९९ च्या 'आइज वाइड शट'मुळे लोकांना माहीत आहे. तो नको घेऊस, परीक्षकांच्या डोक्यात सिनेमा सुरू होईल.)

माझी सूचना: सातवा, आठवा आणि दहावा. सगळे मिळून सहा मिनिटांच्या आसपास.

सातव्यात डाव्या हातात सात स्वरांची साखळी सतत फिरते, आणि उजवा हात तिच्याकडे लक्ष न देता आपलं गाणं गातो. दोन हात दोन स्वतंत्र माणसं. तुझ्या बाकीच्या प्रोग्राममध्ये हे कुठेच नाही. आठवा सात मात्रांचा नाच, मिनिटभराचा, खरखरीत. इथे ठेका काकांचा सल्ला कामी येईल. दहावा लहरी आणि चावट, शेजारशेजारचे स्वर एकमेकांना धडकतात. विनोद हवा होता ना? हा घे. त्यातला खोडसाळपणा गंभीर चेहऱ्याने वाजवायचा असतो.

मोठ्या आवाक्याचे कॉर्ड नाहीत म्हणून हाताला झेपेल. सगळं बोटांच्या स्पष्टपणावर आहे, रंगीबेरंगी पेडलवर नाही, त्यामुळे डिजिटलवरची मेहनत फुकट जाणार नाही. एल्बेकाठी म्हणते तसं कुठूनही ऐकलं तरी पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं काय चाललंय ते. आणि १९४५ चा प्रश्न मिटला.

फक्त एक बघ. काही विद्यालयं 'पूर्ण कृती' असा शब्द वापरतात. संचातले निवडक पीस चालतात का ते लेखी विचार.

---

बेसूर_नाही_मी · १३ मे, रात्री १०:२०

एकाच स्वराचा पीस! आमच्या शेजारची लहानगी रोज वाजवते, तिला लिगेती म्हणावं लागेल.

बरं, गंमत सोडा. हे फार सोपं नाही वाटणार का? प्रोकोफिएव्ह, जिनास्तेरा म्हटलं की परीक्षक सरसावून बसतात. जिनास्तेराच्या पहिल्याच नाचात उजवा हात पांढऱ्यावर, डावा काळ्यावर. दिसायलाही जबरदस्त.

---

जुनी_पट्टी · १४ मे, सकाळी ७:००

सोपं दिसतं, हे खरं. सातव्यातला डावा हात एकसारखा, एका पातळीवर, सलग तीन मिनिटं वाजवून बघा, मग बोलू. अवघड पीस ऐंशी टक्के वाजवण्यापेक्षा हा शंभर टक्के वाजवणं परीक्षकाला जास्त सांगतं, असं मी मानते. बाकीचे शिक्षक मानत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तिचे सरही कदाचित मानणार नाहीत.

जिनास्तेरा वाईट नाही. पण तोही १९३७ चा. आणि तिसऱ्या नाचावर लिहिलेलं 'फुरिओसामेन्ते' (खवळून, आवेशाने) अनेक विद्यार्थी फक्त 'जोरात' असं वाचतात.

---

ठेका_नागपुरी · १४ मे, दुपारी १२:१५

सात मात्रा म्हंजे माहा प्रांत. कुठं दोन, कुठं तीन ते पानावर पेन्सिलनं पाडून घे माय, मंग बोल बसव. न सुरुवातीले मेट्रोनोम हळू लाव, घाई करशीन तं लय पळते. शनवारी या सारे बर्डीवर, तर्री पोहे माह्याकडून.

---

सदरचा_ऑर्गन · १४ मे, दुपारी १:००

रेकॉर्डिंगबद्दल कोणी बोललं नाही. बहुतेक ठिकाणी एक पीस एका टेकमध्ये, मधे कापाकापी नको, आणि कॅमेऱ्यात हात व चेहरा दोन्ही हवेत. फोनचा आपोआप आवाज वर-खाली करणारा पर्याय बंद कर, नाहीतर तुझं पियानिस्सिमो (अगदी हळू) आणि फोर्तिस्सिमो (अगदी जोरात) एकाच उंचीचे ऐकू येतील. लिगेतीच्या आठव्यात तर सगळी धार जाईल. माइक झाकणाच्या अगदी आत नको. पंखा, कूलर बंद. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली करू नकोस, दिवाळीनंतर वराती सुरू होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली सकाळ बरी.

आणि शक्य असेल तर रेकॉर्डिंग ग्रँडवरच कर. मुंबईत तासावर भाड्याने मिळतात. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी पोचलीस की त्याच दिवशी लगेच वाजवू नकोस, एक दिवस त्या पियानोशी ओळख होऊ दे.

---

लाकूड_आणि_तार · १४ मे, दुपारी २:२५

सहमत. पहिला तास फक्त बाख आणि ब्राम्स वाजव. ग्रँडची की जड लागेल, आवाज समोरून येण्याऐवजी वरून आणि बाजूने येईल. त्याची सवय झाल्यावर लिगेती.

---

कायदा_किंवा_फायदा · १४ मे, सायंकाळी ७:१०

नोट्सबद्दल थोडं, कारण इथे लोक सर्रास पीडीएफ पाठवतात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. बार्टोक १९४५ मध्ये गेला, प्रोकोफिएव्ह १९५३ मध्ये, त्यामुळे ते इथे मुक्त आहेत. जिनास्तेरा १९८३, मेसियां १९९२, लिगेती २००६. हे तिघे अजून हक्कात. लिगेती शॉट या प्रकाशकाच्या प्रतीतूनच वाजवायचा, विकत घ्यायचा. परीक्षेच्या खोलीत झेरॉक्स घेऊन गेलात तर काही ठिकाणी हरकत घेतात.

---

रामदासपेठची_पोर · १६ मे, रात्री ९:१५

तिन्ही विद्यालयांना मेल केले होते. दोघांचं उत्तर आलंय, संचातले तीन पीस चालतील, फक्त अर्जात क्रमांक स्पष्ट लिहायचे. तिसऱ्याचं यायचंय.

सरांशी बोलले. सातवा वाजवून दाखवला, म्हणजे वाचून, अडखळतच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले डावा हात अजून 'चालतोय', त्याला 'वाहू' दे. याचा अर्थ परवानगी मिळाली असा मी घेतलाय. प्रोकोफिएव्हही सोडायचा नाही म्हणाले, पुढच्या वर्षीच्या डिप्लोमासाठी ठेवू.

मेसियां मी माझ्यापुरता वाजवत राहीन, सरांच्या अपराइटवर.

शॉटची प्रत मागवलीय. एक शंका: दहावा शेवटी ठेवू की सातवा? आकड्यांच्या क्रमाने गेलं तर शेवट दहाव्याने होतो.

---

जुनी_पट्टी · १७ मे, सकाळी ६:५०

संगीतकाराने लावलेला क्रम मोडू नकोस. सात, आठ, दहा. मधला नववा बार्टोकच्या स्मरणार्थ आहे, तोही घरी शिकून ठेव. परीक्षकाने विचारलं की नववा का गाळला, तर त्याची ओळख असलेली बरी. आणि पूर्ण अकराच्या अकरा एकदा सलग ऐक, रेकॉर्डिंग बघताना नोट्स समोर ठेवून.

---

धंतोलीचा_काका · १७ मे, सकाळी ८:२०

सगळं वाचलं. बोर्डाचं काय ते अजून कोणीच सांगितलं नाही.

---

रामदासपेठची_पोर · १७ मे, सकाळी ८:३१

काका, फिजिक्सचा क्लास लावलाय, सकाळी सहाचा :)